कबड्डीच्या मैदानाकडेला गुडघ्यांचं टेबल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या मुंबई आवृत्तीत आमच्या नायगावच्या कबड्डी स्पर्धेची दोन कॉलमांची बातमी आली. कर्करोगाने गेलेल्या एका शाळकरी खेळाडूच्या आठवणीत मुलांसाठी मोफत स्पर्धा, असा तिचा आशय. नारळ कुणी फोडला ते आलं, व्यासपीठावर कोण कोण होतं ते आलं, फोटोही पाहुण्यांचाच आला. वार्ताहराला दोष देत नाही. तो बिचारा उद्घाटनाला आला, उभ्या उभ्या वडापाव खाल्ला आणि तासाभरात त्याला मुलुंडचा दुसरा कार्यक्रम गाठायचा होता. पण स्पर्धा मोफत का ठेवली आणि मैदानाच्या कडेला ते एक टेबल कसलं मांडलं होतं, हे दोन्ही राहून गेलं. आमच्या लेखी स्पर्धा त्या टेबलासाठीच, म्हणजे मुलांचे दुखरे गुडघे बघण्यासाठीच होती. म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं तर बेलाशक कात्री चालवा, फक्त गुडघ्यांबद्दलचा मजकूर ठेवा.

मी महापालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले. लग्नाआधी स्वतः खेळत होते, नंतर पंचांची परीक्षा दिली, आणि आजही आमच्या भागातल्या मुलांच्या स्पर्धेत शिट्टी माझ्याच गळ्यात असते. खेळाचं जे सांगते ते मैदानात उभं राहून पाहिलेलं आहे. आजाराचं जे आहे ते टेबलावर बसलेल्या डॉक्टरबाईंकडून तपासून घेतलं आहे.

मुलाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच्या आईने तशी अट घातली आहे. ती म्हणाली, “पेपरात नाव आलं की लोक परत भेटायला येतात, परत तेच तेच विचारतात, आणि चहा मलाच करावा लागतो.” मैदानावर सगळे त्याला ‘डावा कोपरा’ म्हणायचे. इथेही तेच चालेल.

कबड्डीत कोपरारक्षक म्हणजे बचावाच्या टोकाला उभा राहून चढाई करणाऱ्याचा पाय धरणारा, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण हा पोरगा ते कसं करायचा ते सांगायला हवं. चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून आला की बाकीची मुलं हात पसरून नाचतात, ओरडतात, उगाच पुढेमागे होतात. हा गुडघ्यात वाकून गप्प बसल्यासारखा उभा. नजर समोरच्याच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे नाही, पुढच्या पायाच्या अंगठ्याकडे. मातीच्या मैदानात अंगठा जरा रुतला की समजायचं, अंगाचं वजन त्या पायावर आलं, आता तो पाय पटकन उचलता येणार नाही. त्याच वेळी हा खाली झेपावून दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि स्वतःचं डोकं आतल्या बाजूला घ्यायचा, म्हणजे लाथ लागत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “बाई, तोंडाकडे बघितलं की फसवतात.” वजन जेमतेम, उंची मात्र त्या वर्षी वेलासारखी वाढलेली.

ही उंचीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नववीत दिवाळीनंतर त्याचा डावा गुडघा दुखायला लागला. कबड्डी खेळणाऱ्या पोराचा गुडघा दुखतो यात नवल ते काय? कुणी म्हणालं लचकला, कुणी म्हणालं मैदान कडक झालंय, पाणी नीट मारत नाहीत. वाढीचं वय आहे, होतं असं, हे तर जो तो म्हणाला. एका हाडवैद्याकडून दोन-तीनदा चोळून आणला. एका दवाखान्यात गोळ्या आणि मलम मिळालं, महिनाभर खेळ बंद ठेवायला सांगितलं. गोळी असेपर्यंत बरं वाटायचं. खेळ बंद होता तरी दुखणं चालूच होतं, आणि इथे कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. रात्री तो उशी गुडघ्याखाली घेऊन जागा राहायचा. चाळीचा तिसरा मजला, जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी. शेवटी आईला कळलं ते शाळेच्या पॅन्टवरून. एका पायात ती सैल राहायची आणि दुसऱ्या पायात गुडघ्याच्या वर अडकायची. पहिल्या तक्रारीपासून पहिल्या एक्स-रेपर्यंत जवळपास चार महिने गेले होते.

ऑस्टिओसार्कोमा. मुलांमध्ये आणि किशोरवयात हाडातच सुरू होणारा जो कर्करोग आहे, त्यात हा सगळ्यात जास्त आढळणारा. त्याची आवडती जागा गुडघ्याच्या आसपासची: मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नाहीतर नडगीच्या हाडाचं वरचं. नंतर नंबर लागतो खांद्याजवळच्या दंडाच्या हाडाचा. आणि वय बहुधा तेच, जेव्हा उंची झपाट्याने वाढते, कारण त्या काळात हाडांची ही टोकंच सगळ्यात वेगाने वाढत असतात. थोडक्यात, ज्या वयात पोरं मैदानावर सगळ्यात जास्त पडतात, त्याच वयात आणि खेळताना जो सांधा सगळ्यात जास्त दुखतो त्याच सांध्याला हा आजार गाठतो. त्यामुळे तो मुक्या माराच्या आड बिनबोभाट लपून राहतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, फार क्वचित होणारा आजार आहे, एखाद्या गल्लीतल्या डॉक्टरच्या सबंध कारकिर्दीत एकही रुग्ण येणार नाही असंही होईल. मला ते पटतं. म्हणूनच त्या दवाखान्याचं नाव मी कुणाला सांगत नाही.

आमच्याकडून टाटा रुग्णालय चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. १९४१ पासून ते परळला उभं आहे. बंगाल, बिहार, आसाममधून माणसं दोन-दोन दिवस रेल्वेने प्रवास करून येतात, फुटपाथवर पथारी टाकतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोलीसाठी नंबर लावतात. आमच्या पोराला तेवढंच अंतर जायला चार महिने लागले, आणि तेही वाटेत कुणी अडवलं नसताना.

पुढचं थोडक्यात सांगते. बायप्सी, मग औषधांच्या फेऱ्या, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं. पाय वाचला. मांडीच्या हाडाचा तुकडा काढून धातूचा सांधा बसवला. हल्ली बऱ्याच मुलांचे पाय असे वाचवता येतात, पूर्वी सरसकट कापावे लागत. उपचाराचा मोठा खर्च सरकारी योजनेतून आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या मदतीने भागला. पण घर पोखरलं गेलं ते बारीकसारीक खर्चांनी. उदाहरणार्थ टॅक्सी. शहर भागात रिक्षा चालत नाहीत हे उपनगरातल्या वाचकांच्या लक्षात येणार नाही. कुबड्या घेतलेलं पोर बसमध्ये चढवता येत नाही, आणि एवढ्या जवळचं भाडं टॅक्सीवाले घेत नाहीत. वडील भायखळ्याला टेम्पो चालवतात, गेले तर पैसे, नाही गेले तर नाही. आई दोन घरी पोळ्या करायची, ते सुटलं.

ऑपरेशननंतर तो मैदानावर परत आला, गुणलेखक म्हणून. प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा, पाय समोर स्टुलावर, मांडीवर पॅड. त्याची गुणपत्रिका मी अजून ठेवली आहे. चढाई, पकड, बोनस, लोण, सगळं पेन्सिलीने, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. एकदा मी चढाई करणाऱ्याला बोनसचा जादा गुण दिला तर खुर्चीतून ओरडला, “बाई, मैदानात पाचच आहेत!” बोनसला समोर किमान सहा गडी लागतात. त्याने मोजले होते, आणि त्याचंच बरोबर होतं, कारण सहावा नुकताच बाद होऊन बाहेर पडत होता. मी निर्णय फिरवला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग एके दिवशी हळूच जवळ येऊन म्हणाला, शिट्टी वाजवताना हातही वर करत जा. आधी मला वाटलं मला पंचगिरी शिकवतोय. मग उलगडा झाला. या आजारात सिस्प्लॅटिन नावाचं औषध देतात, आणि त्याने काही मुलांचं ऐकू येणं कमी होतं, तेही आधी वरच्या पट्टीतलं. बोलणं ऐकू यायचं, शिट्टी निसटायची. तेव्हापासून आमच्याकडचे सगळे पंच शिट्टीबरोबर हात वर करतात. बाहेरचे पंच आले की विचारतात ही कुठली पद्धत. नायगावची, म्हणून सांगतो.

छातीच्या स्कॅनमध्ये डाग दिसले. हा आजार पसरतो तो बहुतेक वेळा फुप्फुसांकडे. सतरावं लागल्यावर गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तो गेल्यानंतर महिन्याभरात आमच्या मंडळाच्या सरावाला येणारी मुलं निम्म्याच्या खाली आली. आधी वाटलं परीक्षा आहेत. मग एका आईने तोंडावर सांगितलं, “बाई, कबड्डीने त्याचा गुडघा गेला आणि गुडघ्याने जीव. आमचं पोर नको.” दुसरीने मुलाला त्या घरी पाणी प्यायलासुद्धा बंदी केली. कर्करोग पाण्यातून, ताटातून, शेजारी बसल्याने लागत नाही हे २१व्या शतकात परळच्या हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना समजावून सांगायची वेळ आली. असो. पण पहिल्या आईला मी दोष देणार नाही, कारण तिचा तर्क वरवर बिनचूक होता. मार लागला, मग दुखलं, मग कर्करोग निघाला. वैद्यकशास्त्र सांगतं की मार लागल्याने हा कर्करोग होत नाही. होतं एवढंच की मार लागतो आणि त्यामुळे आधीच असलेल्या दुखण्याकडे लक्ष जातं. किंवा उलट, मार लागला होता ना, म्हणून दुखण्याकडे कुणी लक्षच देत नाही.

हाच गोंधळ कॅनडाच्या टेरी फॉक्सच्या बाबतीतही झाला होता. तो बास्केटबॉल खेळायचा. १९७६ मध्ये गाडीला अपघात झाला, त्यात उजवा गुडघा दुखावला. पुढे गुडघा दुखत राहिला तरी हंगाम संपेपर्यंत तो खेळत राहिला, आणि १९७७ मध्ये निदान झालं, हेच, ऑस्टिओसार्कोमा. अठरा वर्षांचा होता. पाय गुडघ्याच्या वर कापला. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की त्या अपघाताचा काहीतरी संबंध आहे, डॉक्टर नाही म्हणत होते. १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावायला निघाला, रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं अंतर, आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेल्यावर फुप्फुसांत आजार निघाला म्हणून थांबला. १९८१ च्या जूनमध्ये गेला, वय बावीस. त्याच्या नावाने जगभर दौड होते, मुंबईतही झाली आहे. त्या दौडीला प्रवेश शुल्क नसतं. ज्याला जे द्यायचं ते द्यावं, नाही दिलं तरी धावावं. आमच्या बैठकीत स्पर्धेची फी ठेवायची की नाही यावर तास गेला, तेव्हा मी हेच उदाहरण दिलं.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, इकडेही असं करतात. तिथे मुलांचे रोडिओ असतात. घोड्यावर बसून पिंपांना वळसे घालायचे, दोर टाकून वासरू धरायचं. अगदी पाच-सहा वर्षांची पोरं हेल्मेट घालून मेंढीच्या पाठीवर चिकटून बसतात आणि जो जास्त वेळ टिकेल तो जिंकतो. (हे ऐकून आमच्या मंडळातली पोरं दोन दिवस एकमेकांच्या पाठीवर बसत होती.) रोडिओत एरवी खेळणाऱ्यानेच फी भरायची असते, तिच्यातूनही बक्षिसांचे पैसे उभे राहतात. पण कर्करोगाने गेलेल्या एखाद्या लहान स्वाराच्या आठवणीत भरवला तर काही ठिकाणी तो मुलांना फुकट ठेवतात. मला त्यात तथ्य वाटलं. ज्या घरात आजार येऊन गेला ते घर पैशाच्या प्रत्येक मागणीला कसं दचकतं हे त्या लोकांनी पाहिलं असणार.

आमच्याकडे संघाची प्रवेश फी काही शे रुपये असते. मोठ्या मंडळांना ते काहीच नाही. पण अँटॉप हिल किंवा शिवडीच्या वस्तीतली सात-आठ पोरं एकत्र येऊन स्वतःचा संघ करतात तेव्हा फी, एकसारख्या बनियन आणि येण्याजाण्याचं भाडं मिळून त्यांचं येणं तिथेच थांबतं. आणि नेमकी हीच मुलं, ज्यांचा दुखरा गुडघा कुणी बघत नाही. फी ठेवली असती तर ज्यांच्यासाठी टेबल मांडलं तीच मुलं गेटबाहेर राहिली असती. म्हणून फी नाही, बनियनची सक्ती नाही, आणि जेवण आमचं. काळाचौकी, वडाळा, प्रतीक्षा नगर, कुठून कुठून मुलं आली. एक संघ तर अनवाणी आणि प्रत्येकाच्या अंगात वेगळ्या रंगाचा टी-शर्ट. पाठीवर खडूने नंबर लिहिले. पहिल्याच झटापटीत पुसले गेले आणि मग गुणलेखकाचे जे हाल झाले ते विचारू नका.

आता टेबल. त्यामागे डॉक्टरबाई आणि एक फिजिओथेरपिस्ट मुलगी. टेबलावर शिंप्याची टेप, वही आणि केळ्यांची टोपली. नोंदणी केली की प्रत्येक खेळाडूने त्या टेबलावर जायचं, केळं घ्यायचं आणि बाईंच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. हातपाय कुठे दुखतो का, बोटाने दाखव. खेळल्यावर दुखतो की नुसतं बसलं तरी? रात्री झोपेतून जाग येते का? किती दिवस झाले? मग दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघायचे, सूज वाटली तर दोन्ही मांड्या टेपने मोजायच्या. एका पोराला दोन-तीन मिनिटं. आमच्या मंडळाचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आधी फार नाराज होते. “मैदानात दवाखाना कशाला? पोरं घाबरतील, आया तर आणखी.” घाबरलं कुणी नाही. उलट काहींनी दुसऱ्या केळ्यासाठी दुसरा गुडघा दाखवला. एकाने अगदी गंभीरपणे सांगितलं की त्याचा गुडघा फक्त गणिताच्या तासाला दुखतो.

एका मुलाला मात्र एक्स-रे काढायला पाठवलं. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ, दुखायचं बरेच दिवस. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी तणतणत आले, तुम्ही आमच्या घरात कर्करोग घालताय का म्हणून. एक्स-रेत काही वाईट निघालं नाही. ऑसगुड-श्लॅटर नावाचा प्रकार निघाला. वाढत्या वयात धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांना नडगीच्या वरच्या टोकाला होतो, खेळलं की दुखतो, विश्रांती घेतली की कमी होतो, आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचा आपोआप जातो. वडील निवळले. स्पर्धेच्या उरलेल्या सामन्यांना वेळाधिकारी म्हणून तेच बसले होते, आणि तीस सेकंदांची चढाई एकतिसाव्या सेकंदाला जाऊ दिली नाही.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. टेबलावर कुणाचा कर्करोग सापडला आणि जीव वाचला अशी गोष्ट माझ्याकडे नाही, आणि ती सापडावी अशी इच्छाही नाही. दुखरे गुडघे शंभर असले तर जवळजवळ सगळे साध्या कारणाचेच असतात. पण साधं दुखणं विश्रांतीने उतरतं. जे विश्रांतीतही दुखतं, रात्री झोप मोडतं, दोन-तीन आठवड्यांत हटत नाही, सुजतं, त्याचा एक्स-रे काढायचा. एवढंच आमचं म्हणणं. महापालिकेच्या रुग्णालयात एक्स-रे फार महाग नाही. केईएम आमच्या दारात आहे. आणि तोवर त्या जागी चोळायचं, मळायचं, हाड बसवून घ्यायचं नाही. लवकर, म्हणजे इतरत्र पसरण्याआधी सापडला आणि पूर्ण उपचार मिळाले तर या आजारातून दहातली सहा-सात मुलं वाचतात. फुप्फुसात गेल्यावर हा आकडा निम्म्याहून खाली येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब आणि मध्यम देशांत अनेक ठिकाणी ३० टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान हे त्याचं एक मोठं कारण. आमच्या नायगावात हे कारण कसं घडतं ते वर लिहिलंच आहे.

बक्षिसांबद्दल बातमीत ‘आकर्षक बक्षिसे’ असं छापलंय. रोख एक रुपयाही नव्हता. विजेत्या-उपविजेत्या संघांना गुडघ्याच्या पट्ट्या दिल्या. मोठं बक्षीस एकच, सर्वोत्तम कोपरारक्षकाला वर्षभराचा खुराक: रोज अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी, त्याच्या घराजवळच्या दुकानातून, पैसे आमच्याकडून परस्पर. निवड आमच्या ‘डाव्या कोपऱ्या’ची आई करते. कोपऱ्यापाशी स्टुलावर बसून सगळे सामने बघते. चढाईतलं मला काही कळत नाही म्हणते, कोपरा कळतो. यंदा तिने हरलेल्या संघातला एक मुलगा निवडला तेव्हा कुजबुज झाली. मी पंच म्हणून सांगते, निवड चोख होती.

खर्चाचा हिशेब मंडळाच्या फळ्यावर लावला आहे, कुणीही वाचावा. भाजीवाल्यांनी केळी आणि कांदे दिले, मंडपवाल्याने खुर्च्या, गिरणीच्या काळातल्या जुन्या खेळाडूंनी पेन्शनमधून जे जमलं ते. एका पुढाऱ्याकडून निरोप आला होता की सगळा खर्च उचलतो, फक्त मैदानाच्या चारी बाजूंनी फ्लेक्स लागतील. नमुना म्हणून पाठवलेल्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो दरवाजाएवढा आणि मुलाचा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. नाही म्हटलं. त्यावर मंडळात दोन तट पडले, अजूनही थोडे आहेत. माझं मत स्पष्ट आहे: फ्लेक्सवाला आला की पुढच्या वर्षी टेबल व्यासपीठामागे जातं आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्यावर हारतुरे ठेवतात.

१५ जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. प्रतिमेला हार, भाषणं, प्रदर्शनी सामना, हे सगळं होतंच. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, मुलांची उंची-वजनं घेतली जात असतात. त्याच दिवशी प्रत्येक मंडळाने आणि प्रत्येक शाळेच्या पी.टी. शिक्षकाने आपल्या मुलांना हे चार प्रश्न विचारावेत. कबड्डीवाल्यांनी सुरुवात केली तर खो-खोवाले, मल्लखांबवाले मागे राहणार नाहीत. क्रिकेटवाल्यांचं माहीत नाही, त्यांच्याकडे फिजिओ असतो म्हणतात. यासाठी समिती लागत नाही, परिपत्रक लागत नाही. आणि ज्या मुलाची उत्तरं खटकतील त्याच्या पालकांना मैदानातच, चारचौघांत सांगू नये. बाजूला घेऊन सांगावं. आम्ही वहीतलं पान फाडून पालकांच्या हाती देतो, आमच्याकडे ठेवत नाही.

काहींनी सुचवलं की टाटामध्ये उपचार घेणाऱ्या मुलांना पुढच्या वर्षी पाहुणे म्हणून बोलवावं, मैदानात फेरी मारावी. हेतू चांगला आहे, पण मला ते मान्य नाही. औषधं चालू असताना त्या मुलांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, गर्दीत आणि धुळीत आणून बसवायचं कशाला? आणि आजारी मुलांना टाळ्यांसाठी उभं करणं मला बघवत नाही. बरी होऊन खेळायला आली तर मात्र त्यांची फी आधीच माफ आहे, जशी सगळ्यांचीच.

पुढची स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी घ्यायचं ठरतंय, मैदानाची परवानगी मिळाली तर. आपले वाचक विचारतील काय मदत करू. रोख पैसे पाठवू नयेत, त्यावरून आमच्याकडे भांडणं होतात. दोन दिवस सकाळी टेबलावर बसू शकेल असा आणखी एखादा फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांचा डॉक्टर हवा आहे, कारण यंदा रांग लांबली आणि दोन सामने उशिरा सुरू झाले. मैदान आखायला फक्की लागते आणि चाळलेली लाल माती लागते, ती कुणी टेम्पोने टाकून दिली तर फार बरं. आणि पाठीवर नंबर छापलेल्या, धुवून पुन्हा वापरता येतील अशा जाळीच्या बनियनचे दोन संच कुणाकडे पडून असतील तर द्यावेत. खडूचे नंबर पुन्हा नकोत.

आपली,
एक निवृत्त पी.टी. शिक्षिका व कबड्डी पंच
नायगाव, दादर (पूर्व), मुंबई